रजिस्टर नंबर ११४७

मानोरा, जि. वाशीम
४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस अ. उ. आ.

परवा तुझा फोन येऊन गेला, असे शेजारच्या हिरीबाईंनी माझ्या वहीत लिहून दाखवले. मोबाइल माझ्या उशाशीच वाजत होता म्हणे. कानातले यंत्र लावले की ते शिट्टी मारते आणि काढले की सगळे गाव मुके होते. म्हणून पुन्हा सांगतो, मला पत्रच लिहीत जा. बोटाने काचेवर लिहायची विद्या मला या जन्मी येणार नाही. पस्तीस वर्षे पोरांचे अक्षर सुधारण्यात गेली, आता माझे कोणी बिघडवू नये.

तुझ्याकडे एक काम आहे. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दोन फेब्रुवारीला ठरला. मुख्याध्यापिका सुकेशनी मॅडम एक स्मरणिका काढत आहेत, तीत १९८० पर्यंतच्या सगळ्यांची यादी द्यायची आहे. मी जुना मुख्याध्यापक, त्यामुळे यादी माझ्या गळ्यात पडली. एकीकडे जुने दाखल-खारीज रजिस्टर आहे, त्यात १८६० नावे. दुसरीकडे लोकांकडून भरून घेतलेले फॉर्म आहेत, त्यांत सध्याचे नाव, पत्ता, मोबाइल. दोन्ही समोर ठेवून एक यादी करायला बसलो तर तीन दिवसांत तीस नावे झाली. या हिशेबाने स्मरणिका माझ्याच श्रद्धांजलीच्या अंकात निघेल. मॅडमनी पानांचे फोटो तुला पाठवले आहेत. तू दिवसभर असल्याच याद्या एकमेकींत मिसळत बसतेस, असे अनुपराव सांगतात.

तुझी आई जाऊन नऊ महिने झाले. तेरवीनंतर तू आली नाहीस. रागावून लिहीत नाही. घरात कोणी बोलत नाही हे मला तसे कळायला नको, पण कळते. स्नेहाला घेऊन एकदा ये.

पत्राचे उत्तर आणि तुमचा लोभ, दोन्ही वेळेवर यावे.

तुझा बाबा


पुणे
१६ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र अनुपने स्नेहाला दाखवले आणि अक्षर असे काढायचे म्हणून सांगितले. तिने विचारले की आजोबांनी कोणता फॉन्ट वापरला.

काम सुरू केले आहे. रजिस्टरचे एक टेबल केले, फॉर्मचे दुसरे. एका माणसाची एक ओळ. ती ओळ टेबलात घालायची, याला आम्ही इन्सर्ट म्हणतो. तुम्ही विचाराल की सरळ एकच लांब यादी का नाही. रजिस्टरमधले काही बदलत नाही, माणसाचा मोबाइल मात्र वर्षात दोनदा बदलतो. म्हणून दोन्ही वेगळे ठेवायचे आणि लागेल तेव्हा जोडायचे. तुम्ही दाखल-खारीज आणि गुणांचे तक्ते वेगळे ठेवायचात, आणि दाखला देताना नंबर पाहून दोन्ही जुळवायचात. तेच हे.

अडचण बायकांची आहे. रजिस्टरमध्ये माहेरचे नाव, फॉर्मवर सासरचे. आडनाव बदललेले, मधले बदललेले, कित्येकींचे तर पहिलेही. मशीनला त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. म्हणून प्रत्येक फॉर्मवर रजिस्टर नंबर हवा. तो एकदाच मिळतो आणि लग्नात बदलत नाही. हे नंबर मला इथे बसून कळणार नाहीत, तुम्हालाच शोधावे लागतील.

यायचे लिहिलेत. खरे सांगते बाबा, आईशिवायचे ते दार मला उघडवत नाही. रोज निघावेसे वाटते आणि रोज रजेचा अर्ज राहून जातो. तिची इतकी आठवण येते की कधी कधी बसस्टॉपवर उभ्या उभ्या रडू येते.

तब्येत सांभाळा, आणि माझ्या चुका काढणे सोडू नका.

तुमची वर्षा


मानोरा
८ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस अ. उ. आ.

तू मला म्हातारपणी चांगलेच कामाला लावलेस. गेले तीन आठवडे वही आणि रजिस्टरची झेरॉक्स घेऊन गावात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर फिरतो आहे. मी मोठ्याने विचारतो, लोक वहीत लिहून देतात. एकूण सत्तर घरे झाली. चहा मात्र सत्तरपेक्षा जास्त झाले.

यात एक गंमत दिसली. भावाला विचारावे की बाबा रे, तुझ्या बहिणीचे सासरचे नाव काय, तर तो आधी आभाळाकडे पाहतो. तांड्यावरच्या रामधनच्या दोन बहिणी आपल्या शाळेत होत्या. त्यातल्या धनीबाईचे आता काय नाव आहे ते त्याला सांगता येईना. शेवटी त्याने घरात आवाज दिला, आणि त्याच्या बायकोने भाकरीवरून नजर न काढता दोघींची नावे, गावे, नवऱ्यांची नावेसुद्धा सांगितली. रामधनने ती लिहून दिली आणि वर लिहिले की आमी तं तिले बाई म्हणतो, येवढंच माहीत, सर. सख्ख्या बहिणीचे नाव माणूस असे हरवून बसतो. तांड्यातली काही घरे ऊसतोडीला गेली आहेत, त्यांची चौकशी शेजाऱ्यांकडे केली.

नंबर घातलेले फॉर्म मॅडमकडे दिले आहेत. आता तुझी जोडणी लवकर कर. पंधरा जानेवारीला सगळे छापखान्यात जाते.

घरी तुरीच्या शेंगा आल्या आहेत. दोघांपुरत्या सोलायची हाताला सवय आहे, त्यामुळे रोज उरतात.

चि. स्नेहाला आणि अनुपरावांना आशीर्वाद. पत्राची वाट पाहणे हेच सध्या माझे मुख्य काम आहे.

तुझा बाबा


पुणे
२० डिसेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

जोडणी झाली. दोन्ही टेबले रजिस्टर नंबरावर जोडली आणि ६१२ नावे एका ओळीत आली. डावीकडे शाळेतली मुलगी, उजवीकडे आजची बाई. सोबत यादी छापून पाठवते आहे. तुमच्या सत्तर घरांशिवाय हे झाले नसते. ऑफिसात मी सांगितले की आमच्या डेटाबेसचा सगळ्यात भरवशाचा भाग एकोणसत्तर वर्षांचा आहे आणि त्याला ऐकू येत नाही.

एक विचारायचे आहे. यादी तयार झाली तशी मी पहिल्यांदा आईला शोधले. आपण बसमधून जाताना ती नेहमी शाळेकडे बोट दाखवायची, सातवीपर्यंत इथंच शिकली म्हणायची. ६१२ मध्ये ती नाही. मग रजिस्टरच्या टेबलात विजयमाला शोधले, तिथेही एकसुद्धा विजयमाला नाही. विजयमाला एवढेच नाव धरून मी एकेक पान डोळ्यांनी पाहिले. ती खरेच या शाळेत होती ना? का माझ्याच ऐकण्यात चूक झाली? मला ती त्या यादीत हवी आहे बाबा. तिचे आता कुठेच काही नवीन होत नाही, निदान एका यादीत तरी नाव यावे.

लवकर कळवा. तुमच्या पत्राशिवाय पुण्यातली थंडी जास्त वाटते.

तुमची वर्षा


मानोरा
२७ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस अ. उ. आ.

तुझे पत्र तीन दिवस तसेच ठेवले होते. तुझ्या ऐकण्यात चूक नाही. तुझ्या आईचे वडील तेव्हा मानोऱ्याला तलाठी होते. पुढे त्यांची बदली झाली आणि मग ते शिरपूरला, आपल्या गावी गेले. रजिस्टर नंबर ११४७, दाखल जून १९६७, सातवी पास होऊन खारीज. नाव भागिरथा.

विजयमाला हे नाव मी ठेवले. १९८० साली, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिले. भागिरथा मला जुनाट वाटले, नव्या मास्तरच्या बायकोला शोभणार नाही असे वाटले. तिला विचारले नाही. तेव्हा कोणी विचारत नसे हे खरे, पण मला विचारता आले असते. चव्वेचाळीस वर्षे ती त्या नावाला ओ देत राहिली. शिरपूरला तिची आई तिला भागिरथा म्हणायची. तू दोन वर्षांची असताना त्या गेल्या, आणि मग ते नाव घेणारे कोणी उरले नाही. तुझा मामा ताईच म्हणतो.

आता लिहितो ते कोणाला सांगितलेले नाही. अकोल्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिने माझी वही मागून घेतली. मला वाटले पाणी हवे असेल. तिने लिहिले की एकडाव मले भागिरथा म्हणून आवाज द्या. बाजूच्या खाटांवर माणसे होती. माझा आवाज किती मोठा जातो ते मला समजत नाही, लोक हसतील असे वाटले. मी खुणेने सांगितले की घरी गेल्यावर. तिने मान हलवली आणि वही परत दिली. घरी आणली तेव्हा तिला ऐकू जाणार नव्हते.

सत्तर घरी जाऊन मी लोकांच्या बहिणींची नावे विचारली. आपल्या घरचा एक फॉर्म भरला नाही. सध्याचे नाव या रकान्यापाशी हात थांबायचा. तुझ्या कॉम्प्युटरला दोष नको देऊस. दुसऱ्या टेबलात तिची ओळ नाही, कारण मी ती घातली नाही. तिचे नाव यादीत यायला हवे, आणि तिचे यायला हवे, मी दिलेले नको. काही करता येत असेल तर कळव.

आशीर्वाद देण्याचा हक्क अजून असेल तर तो आहेच.

तुझा बाबा


पुणे
२ जानेवारी २०२५

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून मी रागावले. दोन दिवस तुमचे नावही घेतले नाही, हे लपवत नाही. मग माझे लग्न आठवले. सासूबाई तांदळाचे ताट घेऊन आल्या आणि आई मध्ये उभी राहिली. पाहुण्यांसमोर कधी तोंड न उघडणारी आई भर मांडवात म्हणाली की नाव तं माह्या पोरीचंच राहीन, ताट परत न्या. तुम्ही व्याह्यांना समजावलेत की पदवीच्या कागदांची अडचण होते. मीसुद्धा इतकी वर्षे तेच समजत होते. छत्तीस वर्षे मी तिची मुलगी आहे आणि तिचे नाव मला तुमच्या पत्रातून कळले. आता तिला त्या नावाने हाक मारायची तर ती नाही.

यादीत चूक माझीही आहे. मी जोडणी अशी लावली होती की दोन्हीकडे ओळ असेल तोच राहील. जे वारले, ज्यांचा पत्ता लागला नाही, ते सगळे गळून गेले, आणि मी ६१२ नावांवर खूश होऊन बसले. आता दुसरी जोडणी लावली आहे. रजिस्टरमधला प्रत्येक जण राहील, मग त्याच्यासमोर काही असो वा नसो. पूर्ण १८६० ओळी आल्या. ११४७ वर भागिरथा आली. पुढचे रकाने रिकामे. मी त्या ओळीसमोर बसून राहिले. स्नेहाने विचारले ही कोण, तर तिला सांगितले की तुझी आजी.

आईची ओळ दुसऱ्या टेबलात घालता येईल, एका मिनिटाचे काम आहे. पण मी ती घालणार नाही. सोबत कोरा फॉर्म पाठवते आहे. तो तुम्ही तुमच्या हाताने भरा.

रजेचा अर्ज आज टाकला. एक फेब्रुवारीला आम्ही तिघेही येतो. दार तुम्ही आतून उघडा.

राग आहे, पण माया त्याहून जुनी आहे.

तुमची वर्षा


मानोरा
१० जानेवारी २०२५

चि. सौ. वर्षाराणीस अ. उ. आ.

फॉर्म भरला. मॅडमनी फोटो पाठवला असेलच. सध्याचे नाव भागिरथा. पत्ता आणि मोबाइल हे रकाने रिकामे ठेवले, खोटे भरायची सवय नाही. खाली भरणाऱ्याची सही केली. सहीला इतका वेळ कधी लागला नव्हता. तू रागावलीस ते बरे केलेस. तिने रागवायला हवे होते, ती कधी रागावली नाही.

१८६० नावांनी वीस पाने वाढतात. मला वाटले सुकेशनी मॅडम नाही म्हणतील. त्यांनी वहीत लिहिले की वाढू द्या सर. त्यांची आई याच शाळेतली, दहा वर्षांमागे वारली, आणि पहिल्या यादीत तीही नव्हती. मॅडमनी ते पाहिले होते आणि बोलल्या नव्हत्या.

मेळाव्यात एक कार्यक्रम वाढवला आहे. १९६७ साली दाखल झालेल्या वर्गाची हजेरी घ्यायची, आणि ती मी घ्यायची. जो असेल तो हजर म्हणेल, जो नसेल त्याच्या वतीने घरचे कोणी. काल सराव म्हणून अंगणात उभा राहून यादी वाचली. ११४७ पाशी आलो आणि तिचे नाव घेतले. मला वाटले पुटपुटलो असेन. हिरीबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि वहीला कणीक लावत लिहिले की येवढ्या जोरानं कोणाले आवाज देऊन राह्यले, चौकापर्यंत गेला. मी त्यांना सांगितले की घरच्या माणसाला.

मला स्वतःला काहीच ऐकू आले नाही. आयुष्यभर हजेरी घेतली, पण उत्तर कानावर आल्याशिवाय पुढचा नंबर कधी घेतला नाही. त्या दिवशी उत्तर आले तरी मला कळणार नाही. म्हणून तू पाहुण्यांत मागे बसू नकोस. पुढे, मला दिसशील अशी उभी राहा, आणि मी तिचे नाव घेतले की हात वर कर. तो दिसेपर्यंत मी पुढचे नाव घेणार नाही.

सुखरूप या.

तुझा बाबा