किल्ली फिरत नव्हती

अप्पा, तुमच्या गाडीच्या किल्लीचं पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायचं राहिलं. ते कळलं तुम्ही गेल्यावर, म्हणून राहिलं असं म्हणता येईल. पण तुम्ही असतात तरी मी सांगितलं असतं का, याची मला खात्री नाही.

आई गेल्यावर दिघीचं घर बंद करून तुम्ही माझ्याकडे रावेतला आलात, ते त्या जुन्या गाडीसकट. आयुष्य कंपनीच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात गेलेलं. पत्र्याचा तुकडा अंगठा आणि बोटात धरून तुम्ही त्याची जाडी सांगायचात आणि मापून पाहिली तर तेवढीच निघायची. गुरुवार ही तुमच्या कंपनीची सुट्टी, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. दर गुरुवारी सकाळी नऊला तुम्ही गाडी काढून देहूरोडला जायचात. टूलरूममधले तुमचे जोडीदार, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणायचे, तिथे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले होते. त्यांची वाचा गेली होती. तुम्ही त्यांची दाढी करायचात, नखं कापायचात, पेपर वाचून दाखवायचात आणि जेवायला घरी यायचात. त्या दिवशी तुम्हाला भूक चांगली लागायची.

मग किल्ली अडायला लागली. एकदा पार्किंगमध्ये तुम्ही अर्धा तास गाडीत बसून होतात, वॉचमननं वर येऊन सांगितलं. मी खाली आले, स्टीअरिंग जरा हलवून किल्ली फिरवली, गाडी सुरू. "स्टीअरिंग लॉक झालं होतं अप्पा, एवढंच," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "तेवढंच नाही गं. आतलं कुलूप झिजलंय. कधी लागतं, कधी नाही." मी ऐकलं, पण कानाआड केलं. त्याच आठवड्यात चहाचं भांडं तुमच्या हातून गॅसवर करपलं होतं आणि माझ्या मनात एक वेगळाच हिशोब सुरू झाला होता.

एका संध्याकाळी मी कामावरून येते तर तुम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे. समोर कागद, हातात ब्लेड. माझ्या लेकीची पेन्सिल तासून तिचं शिसं कागदावर पाडताय आणि ती काळी पूड किल्लीच्या दातांना चोळताय. बोटं काळी, ओटा काळा, आमटीच्या पातेल्याच्या झाकणावरही काळे ठसे. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तुम्ही अगदी आनंदात म्हणालात, "तेल घातलं तर आत धूळ धरते. हे बरं." मी फडकं घेतलं आणि ओटा पुसला. नंतर गॅलरीत जाऊन दादाला फोन लावला. म्हटलं, "अप्पा किल्लीला पेन्सिल चोळत बसलेत रे. मला लक्षण ठीक दिसत नाही."

शेवटची वेळ देहूरोडची. मी चाकणला कंपनीत, ऑडिट चालू, आणि तुमचा फोन, की काकांच्या दारात गाडी उभी आहे, किल्ली फिरत नाही. तळेगावमार्गे यायला मला दीड तास लागला. तुम्ही स्टीअरिंगशी बसलेले, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, किल्ली पिळून पिळून अंगठ्याला वळ उठलेला. मी तुम्हाला बाजूला सरकवलं. स्टीअरिंगला हिसका दिला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात फिरली.

"फिरली की! मी काय वेगळं केलं?"

"अगं, आता फिरली. मघाशी..."

"कुलपाला नावं ठेवू नका अप्पा. तुमच्या हाताला आता जमत नाही, ते मान्य करा."

काकांची सून दारात उभी होती. मी आवाज खाली केला नाही. तुम्ही अंगठा चोळत माझ्याकडे पाहिलंत आणि खिडकीबाहेर बघत बसलात. घरी आल्यावर किल्ली मी पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेली.

तुम्ही किल्ली परत मागितली नाहीत. "रिक्षानं जाऊन येतो," म्हणालात, तर मी म्हणाले, वाटेत पत्ता विसरलात तर? मी नेते ना रविवारी. पहिल्या रविवारी शाळेत पालकसभा होती. दुसऱ्या रविवारी मी दमले होते. तिसऱ्या रविवारी तुम्ही आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसला होतात, आणि मी विसरून गेले होते. विसरले मी, अप्पा. पाचव्या आठवड्यात काका गेल्याचा फोन आला. त्या दिवशी मला रजा मिळाली. परत येताना घर जवळ आल्यावर तुम्ही एकच बोललात, "दाढी किती वाढली होती गं त्याची."

त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत.

तेराव्यानंतर गाडी विकायची ठरली. घेणारा यायचा होता म्हणून मी किल्ली घेऊन खाली गेले. फिरेना. स्टीअरिंग हलवलं, हिसके दिले, दोन्ही हातांनी जोर लावला. वॉचमन बघत होता. शेवटी दिघीहून एका किल्लीवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी किल्ली उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, मग स्टीअरिंगखालचं झाकण काढून कुलूप बाहेर काढलं आणि त्यातल्या बारीक बारीक पितळी पट्ट्या रुमालावर मांडल्या. कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"मॅडम, ही फिरत होती हेच नवल. चावी पण घासलीय, आतून पण घासलंय. नशिबानं लागली तर लागायची. दोन वर्षं तरी झाली असतील या दुखण्याला." मग त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. काळं होतं. "कोणीतरी जाणकारानं यात शिसं टाकलंय बघा. म्हणून तर इतकं चाललं. तेल मारलं असतं तर केव्हाच बंद पडलं असतं. कोण चालवत होतं?"

"माझे वडील."

"कारागीर माणूस," ते म्हणाले आणि कामाला लागले. तासाभरात नव्या पट्ट्या बसल्या, नवी किल्ली झाली आणि ती दोन बोटांत फिरली.

मी कंपनीत क्वालिटी बघते, अप्पा. माल बिघडला की कामगारावर बोट दाखवायचं नाही, आधी मशीन तपासायचं, हे मी नव्या लोकांना शिकवते. अजूनही शिकवते. त्या दिवशी चाचांना मी जो एक तास दिला, तोच सहा महिने आधी दिला असता तर काकांची दाढी झाली असती. यापुढे मला विचार करवत नाही.

या गोष्टीला आठ वर्षं होतील. गेल्या आठवड्यात तुमचं श्राद्ध झालं. दादा मुलांना घेऊन आला होता. जेवताना त्याच्या धाकट्यानं विचारलं, आजोबा गाडी चालवायचे का? दादा म्हणाला, "चालवायचे ना. पण शेवटी विसरायला लागले होते रे. बरं झालं, आत्यानं वेळेवर किल्ली काढून घेतली." सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्हाला वाटेल मी गप्प राहिले. तेवढंच असतं तर हे लिहायला बसले नसते. मी वरण वाढत होते, अप्पा, आणि मी हो म्हणून मान हलवली.