न बोलणाऱ्याला पाठव

प्रिय छोटी,

तू पाठवलेलं खोकं मिळालं. लोकरीची टोपी तुझ्या दाजींना अगदी बरोबर बसली. साबण मात्र सगळे दवाखान्यात गेले, रागावू नकोस. आमच्यासाठी मागच्या खोलीला तू रंग दिलास, कपाट हलवून दोन खाटांची जागा केलीस, हे त्यांना वाचून दाखवलं. ते नुसते हसले. फोनवर तू ओरडून विचारतेस, "दाजी बरे आहेत ना?" आणि मीही ओरडून सांगते, "बरे आहेत." ओरडून बोलताना माणसाला खरं बोलता येत नाही गं. म्हणून आज दवाखान्याला कडी लावून लिहायला बसले.

दवाखाना म्हणजे अजून त्याच दोन खोल्या, वर पत्रे. मी दार उघडायच्या आधीच बायका पोरं कडेवर घेऊन पायरीवर बसलेल्या असतात. हत्यारं प्रेशर कुकरमध्ये उकळते, सलाइनची बाटली खिळ्याला टांगते. सध्या पोरांना जुलाब आणि म्हाताऱ्यांना खोकला, एवढ्यावर दिवस सरतो. दाजींचा अर्धा दिवस पूर्वी उपासना आणि घरोघर भेटी यांत जायचा, उरलेला अर्धा हातपंपाचं वायसर बदलण्यात. चर्चचा पाळक कमी आणि पंपवालाच जास्त, असं मी चिडवायची. आणि बोलणं तर काय, नळ सोडल्यासारखं! तुला माहीत नसेल, इथल्या भाषेत 'पाप' आणि 'गुडघा' हे शब्द जवळजवळ सारखे आहेत. पहिलं वर्षभर हे मोठ्या तळमळीनं लोकांना सांगत होते, की आपापले गुडघे देवाजवळ कबूल करा. लोक बिचारे मान डोलवायचे. संधिवात कुणाला नाही?

तर असा हा माणूस. गेल्या वर्षी शहरात त्यांचं स्वरयंत्र काढलं, ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं, ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. परत आल्यावरच्या पहिल्या रविवारी ते सवयीनं देवळात उपदेशाला पुढे जाऊन उभे राहिले. गळ्याला रुमाल. ओठ हलले, आवाज कुठला येणार? शेवटी मागच्या बाकावर दर रविवारी डुलक्या काढणाऱ्या सुतारानंच बेसूर गाणं धरलं आणि बाकीच्यांनी ते कसंबसं ओढत नेलं. घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून निजले, ते दुसऱ्या दिवशी दुपारीच उठले. आम्हाला इथं पाठवणाऱ्या मिशन संस्थेनं कळवलं, आता मायदेशी परत या. आम्ही पेट्या भरल्या. खरं सांगते छोटी, मला आनंद झाला होता. आईच्या हाताखाली बसून भाजी निवडायची स्वप्नं पडायला लागली होती.

आमच्या गावच्या सुईणीला आम्ही दोघं आपसांत 'फौजदारीण' म्हणतो. बाई तशी भली, पण जिभेला हाड नाही. माझं तिच्याशी प्रत्येक बाळंतपणाला वाजतं. देवळाची पायरी ती कधी चढली नाही. ह्यांच्याबद्दल तर गावभर सांगायची, की याच्या तोंडाला कुलूप बनवणारा लोहार अजून जन्मायचाय. तिचा नवरा अंथरुणाला खिळला होता, छाती पार निकामी झालेली. एका दुपारी ती आमच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. मी बॅग उचलली, तर म्हणाली, "तू नको. सुया टोचून झाल्या. बरा होशील म्हणणारेही सगळे येऊन गेले. तुझ्या घरातल्या त्या न बोलणाऱ्याला पाठव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण हे उठले, पायांत चपला अडकवल्या आणि तिच्यामागून निघाले. मग रोजच जायला लागले. मी एकदा डोकावून पाहिलं. त्याच्यात बोलायचा दम नाही, ह्यांना आवाज नाही, आणि दोघं जमिनीवर रेघा ओढून खड्यांनी खेळत होते. म्हातारा चक्क लबाडी करत होता! तो गेला तेव्हा त्याचं डोकं ह्यांच्या दंडावर होतं. घरी येऊन ह्यांनी पेटी उघडली, आपले सदरे काढले आणि एकेक करून खुंटीला लावले. मला विचारलंसुद्धा नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. पण एकटीनं भांडायचं तरी किती? ह्यांनी पाटीवर लिहिलं, "मला इथं काम आहे."

आणि खरंच काम निघालं. कुणाचं माणूस जायला टेकलं, कुणाचं मूल पोटातच गेलं, की बोलावणं यायचं. हे जायचे, बसायचे, हात धरायचे. म्हणून देवळात गर्दी वाढली असं समजू नकोस. बाकं पूर्वीइतकीच रिकामी आहेत. ह्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मला मात्र वाटायचं, अजूनही वाटतं. त्यांच्याइतकी श्रद्धा माझ्याकडे नाही, मी नर्स आहे.

आता ते कुठे जात नाहीत. पावसाळ्यानंतर खोकला लागला. छातीला कान लावला तेव्हाच मला कळलं, शहरातल्या डॉक्टरांनी फक्त फोटो काढून दाखवला. गळ्यातलं दुखणं फुप्फुसात उतरलंय. पुन्हा कापाकापी नको, तिकडे घरीही नको, इथंच, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. या वेळी मी भांडले नाही. फौजदारीण रोज दुपारी येते, खाटेजवळ चटई टाकून गप्प बसते. तिला गप्प बसणं किती जड जातं, ते तिच्या तोंडावर दिसतं. परवा ह्यांनी तिच्या ओठांकडे बोट दाखवून कुलूप लावल्याची खूण केली. ती हसता हसता पदरात तोंड घालून रडली.

छोटी, ती खोली कुणा गरजवंताला दे. आईला खरं काय ते तूच सांग, तिचा हात धरून सांग. आणि तू इकडे ये. विमानाची तुला किती धास्ती आहे, हे ठाऊक असून म्हणते आहे. इथली माणसं मला जीव लावतात, काही कमी पडू देत नाहीत. पण त्यांच्याशी बोलताना मी अजूनही शब्द शोधते. या गावात मी कितीतरी जणांचे डोळे मिटले आणि लगेच उठून हात धुतले. ह्यांच्या वेळी मला नर्स व्हायचं नाही, नुसती बायको म्हणून बसायचं आहे. आणि नंतर माझ्या भाषेत रडायचं आहे. त्यासाठी समोर कुणीतरी माझं हवं. निघता येईल तेवढ्या लवकर नीघ.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
ताई