अंड्याची शिकार

चौबे कॉलोनी, रायपूर

प्रिय कांताताई,

सप्रेम जयभीम. तुझे गुडघे आता बरे असतील, भाऊजींचा खोकलाही गेला असेल. (गेला नसेल तर त्यायले पहाटे अंगणात बसू देऊ नको.) फोन न करता पत्र लिहून राहिली, काहून की ज्यांच्याबद्दल सांगायचं ते दोघंही माझ्या स्वयंपाकघरातच ठाण मांडून आहेत.

आपल्या प्रशिकची बायको चेतना भिलाईची, पोट्टी गुणाची. मराठी सारं समजते, पण उत्तर हिंदीत. आणि यांचं तुले माहीतच आहे. जंगल खात्यातून रिटायर झाले, तरी घरात बोलतात ते चौकशी केल्यासारखं. लग्नापासून सासरा-सुनेचं बोलणं 'चहा घेतला?' आणि 'जी पापाजी' याच्यापुढं सरकलंच नव्हतं. पोट्टी एकटीच गॅलरीत उभी राहे, मले फार लागे.

मागच्या रविवारी प्रशिक टूरवर होता. चेतना स्वयंपाकघरात मले हळूच म्हणते, "मम्मीजी, आज मैं पोच कर रही हूँ. पापाजी को मत बताना, सरप्राइज है." यांचे कान मात्र अजून नोकरीतच आहेत. ज्या पोचिंगच्या, म्हणजे चोरट्या शिकारीच्या, मागं जन्मभर रान तुडवलं, ते खुद्द घरात! पेपर टाकून दारात उभे. "काय मारलं?"

पोट्टी घाबरून गेली. "अभी तो सिर्फ पानी उबला है, पापाजी!" (याच्यानं संशय आणखीच वाढला.)

मग तिनं वाटीतलं अंडं पाण्यात सोडलं आणि मोबाईलमध्ये पाहून समजावलं. जुन्या फ्रेंचमध्ये थैलीले असाच काही शब्द होता म्हणे. अंड्याचं पांढरं बलकाभोवती थैली करते, म्हणून पोच. शिकाऱ्याचा पोचही बहुतेक त्याच थैलीतून निघाला. (पक्कं विद्वानायलेही माहीत नाही.) आणि ताई, यायले समजावं म्हणून पोट्टी पहिल्यांदा मराठीत बोलली. "पापाजी, पांढरी थैली. आत पिवळा."

हे स्टुलावर बसलेच. "बरोबर हाय! माझ्या चोरायजवळही थैलीच राहे. एकाच्या थैलीतून जिता तितर निघाला अन् थेट साहेबाच्या टोपीवर बसला!"

चेतना पोट धरून हसली. "फिर, पापाजी?"

तो 'फिर' दुपारपर्यंत चालला. अंड्याचा दगड झाला. यांनी मीठ टाकून खाल्ला आणि म्हणाले, "उद्या पुन्हा कर. पाणी कमी उकळव."

तेव्हापासून रोज सकाळी तेच. अंडं पाण्यात पसरलं की ती मराठीत ओरडते, "पळाला!" आणि हे हिंदीत, "पकडो!" मले फोडणी द्यायलेही जागा नाही. पण इतक्या वर्षांत मी यायले असं हसताना पाहिलं नव्हतं.

भाऊजींना जयभीम, पोरायले खूप माया.

तुझी धाकटी,
इंदू

ता.क. अंडं आता मस्त जमते, असं ते दोघं म्हणतात. मले ते कच्चंच लागते. पण पहिल्यांदा जमलं त्या दिवशी त्यांच्या तोंडाकडे पाहून 'वा' म्हणून बसली, तर आता सर्वांत मोठं अंडं माझ्याच ताटात पडते.

म्हणून ताई, महिनाभर इकडं ये. माझ्या शेजारी बसत जा, आणि त्यांची नजर पातेल्यात असली की माझं अंडं गुपचूप खाऊन टाक. 'वा' मी म्हणीन.