मुखाकडचे तराफे

मॅडम, तुम्ही मला कधीच आवडला नाहीत. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता हे लिहायला हरकत नाही.

तुम्ही नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचात आणि प्रत्येक सुट्टीत कोकणातल्या त्या खाडीवर जायचात, तिथल्या बायकांना कालवांची, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची, शेती जमावी म्हणून. दुसऱ्या वर्षाला आम्हालाही नेलंत. दर तासाला पाण्याचा खारेपणा मोजून लिहायचा होता. कालवाच्या धारेनं माझा पाय कापलाय, चप्पल चिखलात रुतून गेलीये, आणि शेवटचे दोन आकडे मी खडकावर बसून अंदाजानं लिहिते. तुम्ही वही बघता. "ओहोटीला खारेपणा वाढला? समुद्र मागे हटल्यावर?" मग तुम्ही कालवं काढणाऱ्या बायकांना हाक मारून बोलावता आणि सगळ्या वर्गादेखत त्यांना सांगता, "हिला नीट बघून ठेवा. ही उद्या शास्त्रज्ञ होऊन सांगेल की पाणी चांगलंय, खा. आणि तुमची पोरं मरतील." कुणी हसलं नाही. माझ्या पायातून रक्त येत होतं, ते तुम्हाला दिसलं होतं.

तेवढ्यावर तुमचं भागलं नाही. देवळ्याहून माझ्या वडिलांना बोलावून घेतलंत. "हिचं लग्न करून टाका. खोटं लिहिणाऱ्या पोरी मला नकोत." एसटीत वडील म्हणाले, "मॅडम लय शिकलेल्या हायेत. उगीच म्हननार नाय." वर्षभर मी घरी कांद्याच्या चाळीत कुजके कांदे वेगळे काढत बसले. आई वडिलांशी भांडली म्हणून परत कॉलेजात आले, आणि पुढे तुमच्याच हाताखाली काम धरलं, कारण कालवांचं काम नाशकात दुसरं कुणी करत नव्हतं. आठ वर्षं तुमचे डबे धुतले, नमुने वाहिले. तुम्ही एकदाही 'बरं केलंस' म्हणाला नाहीत.

मग तुम्ही आजारी पडलात आणि खाडी माझ्याकडे आली. तुमचं सांगणं होतं, पावसाळ्याआधी कालवांच्या दोऱ्या लटकवलेले तराफे खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात न्यायचे. मी बायकांना सांगितलं, मुखाशी लाटा फोडून टाकतील, आत आडोशालाच ठेवा. त्या वर्षी पाऊस थांबेचना. नदीचं गोडं पाणी दिवसचे दिवस खाडीत भरून राहिलं. मी पोचले तेव्हा आतल्या दोऱ्यांवरचं प्रत्येक कालव आ वासून मेलेलं होतं, वासानं उभं राहवत नव्हतं. बायकांतली सगळ्यात म्हातारी मला होडीत घालून मुखाकडे घेऊन गेली. तिथे दोन तराफे होते. तिनं दोरी वर ओढली. कालवं घट्ट मिटलेली, जड, जिवंत. "ह्या दोन तराफ्यांपुरतं तुमचं ऐकलं नाय, ताई," ती म्हणाली. "बाईंचं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाशिक रोडला तुमच्या घरी आले. खरं सांगते, सगळं सांगायचं ठरवूनच आले होते. तुमचं तोंड पार बसलं होतं, डोळे तेवढे तसेच. तुमची बहीण, जिला मी मावशी म्हणायचे, उशी नीट करत होती. तुम्ही विचारलंत, "किती वाचली?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "खाडीवर गेली होतीस ना? की इथेच बसून लिहिलंस?"

मी म्हणाले, "एकही वाचलं नाही, मॅडम."

"मुखाकडची?"

"तीही गेली."

तुम्ही पंख्याकडे तोंड फिरवलंत. मग म्हणालात, "म्हणजे इतकी वर्षं माझंच चुकत होतं." तुमच्या तोंडून ही कबुली मी पहिल्यांदा ऐकली, आणि ती माझ्यामुळे होती. तुम्ही बहिणीला सांगितलंत, कपाटातल्या सगळ्या वह्या रद्दीत घाल, चुकीच्या वह्या वाचून कुणाचं नुकसान नको. खाडीच्या पाण्याची पंचवीस वर्षांची नोंद होती त्यांत, एकही आकडा अंदाजाचा नाही. मावशी रडायला लागल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू तरी सांग ना हिला." मी सुतळी मागितली. गठ्ठे बांधले, तीन खेपा करून खाली उतरवले, रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवले. एक वही काढून घेता आली असती. नाही काढली. त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात, आपण चुकलो याच समजुतीत.

आता मीच बायकांना सांगते, पावसाआधी तराफे मुखाकडे न्या. माझ्या अहवालात ते माझं म्हणून छापलं आहे. कधी न्यायचे, खारेपणा किती उतरला की धोका, हे विचारलं की मला नीट सांगता येत नाही. ते वह्यांत होतं. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या खाडीतल्या बायकांनी मला विचारलं, मी तारीख सांगितली, ती उशिराची निघाली. त्यांची सगळी कालवं मेली. त्यांनी मला दोष दिला नाही, पावसाला दिला. मीही पावसालाच दिला.

तुमची बहीण अजून त्याच घरात राहते. हे तिला पाठवता येईल. पाठवणार नाही.

अजून एक राहिलं. रद्दीची गाडी गेल्यावर मला सपाटून भूक लागली. स्टेशनबाहेर उभी राहून मी मिसळ खाल्ली. तर्री पुन्हा मागून घेतली, वर दोन पाव जास्तीचे. इतकं चवीनं मी कितीतरी दिवसांत जेवले नव्हते.