पलीकडच्या टोकाची काठी

३ नोव्हेंबर

संपलं! डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पाण्यात उतरायचं नाही. उजवा खांदा. चार आठवड्यांत नाही का जमणार, असं विचारलं तर ते आईकडे बघून हसले. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

शाळेत फळ्यावर हिवाळी संघ लागलेत — कुस्ती, बास्केटबॉल, पोहणं. आमच्या रिलेत कॅप्टन, जिराफ, बडबडी आणि चौथी एक नवीनच मुलगी. दोन वर्षं पहिला टप्पा मी पोहतेय. मी! आणि माझ्या जागी कोण, तर जिला शाळेत येऊन धड महिना झाला नाही ती.

४ नोव्हेंबर

नव्या मुलीला दिसत नाही. अजिबात. जन्मापासून.

वाटलं, पोहण्याच्या मॅडम थट्टा करतायत.

६ नोव्हेंबर

तळपायाची आग मस्तकात गेलीय. मॅडमनी मला काम दिलंय — काठी धरायची!

म्हणजे असं : तिला भिंत कधी येणार ते कळत नाही. म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक जण लांब काठी घेऊन उभं राहायचं. काठीच्या टोकाला मऊ गोळा. ती भिंतीजवळ आली की पाठीवर हलकेच मारायचं. मग ती पाण्यातच कोलांटी घेते आणि भिंतीला पाय मारून परत फिरते. लवकर मारलं तर कोलांटी भिंतीपासून लांब पडते, पायांना भिंत लागतच नाही. उशिरा मारलं तर हात भिंतीवर आपटतो. अलीकडच्या टोकाला मॅडम. पलीकडच्या टोकाला मी.

माझ्या जागेवर आलेल्या मुलीला भिंत सांगायची ती मीच. वा!

८ नोव्हेंबर

बाबांनी काठी दिली. छत रंगवताना रोलरला लावतात ती लांब दांडी. आईने टोकाला स्पंज गुंडाळून वर माझी जुनी पोहायची टोपी शिवली. माझी टोपी! विचारायची पद्धतच नाही या घरात. बाबा म्हणाले, दांडी जड नाही पण दहा मिनिटांनी मान धरते, रंगाऱ्याच्या पोरीने तक्रार करू नये. मी म्हटलं, रंगाऱ्याच्या पोरीला पोहायचं होतं.

१० नोव्हेंबर

पहिल्या दिवशी सात वेळा मारलं, सातही चुकलं. ती पाण्यातून डोकं काढून सगळ्यांसमोर म्हणाली, ही कोण आहे, माश्या मारतेय का?

बडबडी हसून हसून पाण्यात पडायची बाकी होती. तिथल्या तिथे नव्या मुलीचं नाव पडलं — फौजदार. सगळ्यांना हुकूम सोडते. जिराफला म्हणाली, तू डावा हात आपटतेस, मला माझं पाणी ऐकू येत नाही. आणि खरंच! जिराफ डावा हात आपटते. मॅडम तीन वर्षं तेच सांगतायत.

आगाऊ आहे एक नंबरची.

१४ नोव्हेंबर

बाहेर एवढी थंडी की बोटांना पेन धरवत नाही. आत तलावावर वाफ, काचा धुरकट, क्लोरिनचा वास. वाफेतून ती येताना मला आधी दिसतच नाही, फक्त आवाज येतो. मग एकदम हात. मग टोपी. तेवढ्यात मारायचं.

आज दहापैकी सहा बरोबर. ती काही बोलली नाही. म्हणजे बरं झालं असावं.

१९ नोव्हेंबर

कपडे बदलताना तिचे हात पाहिले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. काही ताजे, काही खपली धरलेले. आपण सरळ जातोय की नाही हे तिला बाजूच्या दोरावरून कळतं, हात दोराला घासत जातो. मी विचारलं, दुखत नाही?

"दुखतं की. म्हणून तर कळतं."

आणि वर मला म्हणते, माझा दुसरा मोजा बघ कुठे गेला, तुला डोळे आहेत ना! मी बाकाखाली शिरून शोधला. मलाच माझं आश्चर्य वाटलं.

२९ नोव्हेंबर

पहिली स्पर्धा. बास्केटबॉलवाल्यांबरोबर एकाच बसमध्ये गेलो, त्यांच्या गाण्यांनी डोकं उठलं.

पहिला टप्पा फौजदारचा. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत आली, दुसऱ्या शाळांचे पालक कुजबुजायला लागले. कुणीतरी 'बिचारी' म्हणालं. तिने ऐकलं. ऐकणारच, तिला सगळंच ऐकू येतं. तिने त्या दिशेला तोंड करून मोठ्ठी जांभई दिली.

मी पळत पलीकडच्या टोकाला. शिटी. आणि ती आली. सरळ, माझ्या दिशेने, जे दिसत नाही त्याच्याकडे, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून. जरासुद्धा हात आखडला नाही तिने. समोर सिमेंटची भिंत आहे हे तिला माहीत आहे! ती कुठे आहे हे फक्त मला माहीत आहे. मी मारलं. ती फिरली. पाणी माझ्या तोंडावर.

आम्ही तिसऱ्या आलो. अंगावरचा काटा घरी येईपर्यंत गेला नव्हता. असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

१५ डिसेंबर

डॉक्टरांनी परवानगी दिली! हळूहळू सुरू कर म्हणाले. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अंतिम स्पर्धेआधी दोघींची चाचणी घेऊ, जी कमी वेळात येईल ती पहिला टप्पा पोहेल. आंतरशालेय अंतिम. यंदा नाही तर कधीच नाही — पुढच्या वर्षी आमची मोठी परीक्षा, घरचे पोहू देणार नाहीत.

जागा माझी आहे. मी परत घेणार.

१९ डिसेंबर

आज सगळ्या गेल्यावर डोळे मिटून पोहून पाहिलं. एकदाच. कुणाला सांगणार नाही.

दहा-बारा हात मारले असतील. मग वाटलं, आली भिंत. आत्ता आपटणार! हात आपोआप आखडले, पाय खाली गेले, मी उभी राहिले. डोळे उघडले तर भिंत कितीतरी लांब. अर्ध्यातसुद्धा नव्हते पोचले!

ही रोज करते हे. रोज! वर कुणी पाण्यावर हात आपटला म्हणून ओरडते.

६ जानेवारी

मी पोहत होते, फौजदार काठावर पाय सोडून बसली होती. बाहेर आले तर म्हणाली, तू भिंतीआधी श्वास घेतेस, शेवटच्या दोन हातांत. घाबरून घेतेस. घेऊ नकोस, वेळ वाचेल.

घेतला नाही. वेळ वाचला! चांगलाच वाचला.

माझ्याविरुद्ध चाचणी आहे हे तिला ठाऊक आहे. तरी सांगितलं. मी विचारलं का सांगितलंस, तर म्हणाली, तू वाईट पोहतेस ते ऐकवत नाही मला. अशी बाई आहे ती.

१५ जानेवारी

उद्या चाचणी. आई म्हणाली, जेव नीट. बाबा म्हणाले, ती मुलगी चांगली पोहते म्हणे? आपल्याच घरात शत्रू.

खरं लिहायचं तर मला तिच्यासारखं पोहायचंय. आणि मला तिला हरवायचंय. दोन्ही एकदम होतं, माझं मलाच कळत नाही.

१६ जानेवारी

आधी मी पोहले. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ. भिंतीआधी श्वास घेतला नाही. मॅडमनी वेळ मोठ्याने सांगितली. बडबडीने टाळ्या वाजवल्या.

मग मी अंग पुसलं आणि पलीकडे जाऊन काठी घेतली. दुसऱ्या कुणाला जमत नाही ना! मला माहीत होतं, मॅडमनाही माहीत होतं, कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही की हे विचित्र आहे.

ती आली. जोरात. इतकी जोरात ती कधीच आली नव्हती. मला दिसलं की ही मला हरवणार. काठी वर होती. मारायची वेळ झाली. आणि मी थांबले.

पाय घसरला नाही. वाफ नव्हती. हात थरथरला नाही. मी थांबले. डोळा लवतो तेवढंच. मग मारलं, पण तोवर तिचा हात भिंतीवर आदळला होता. तो आवाज इथे कसा लिहू?

ती फिरली. तशीच! दुखऱ्या हाताने परत पोहत गेली, आणि तरीही माझ्यापेक्षा कमी वेळात आली. जेमतेम का होईना, पण कमी.

बाहेर आली तेव्हा मधलं बोट वाकडं झालेलं. मॅडमनी विचारलं काय झालं. ती म्हणाली, मारलेले हात मोजायला माझंच चुकलं, काठी वेळेवर होती.

मी पलीकडे उभी होते, काठी धरून. एक शब्द बोलले नाही.

१७ जानेवारी

बोट मोडलंय. तीन आठवडे पट्टी. मॅडम म्हणाल्या, तिची वेळ चांगली होती पण आता इलाज नाही, पहिला टप्पा तू.

मिळाली जागा.

२० जानेवारी

आज सांगायचंच ठरवलं होतं. तिच्या शेजारी बाकावर बसले, तोंड उघडलं. ती म्हणाली, तुझी सुरुवात ढिली पडते, शिटीची वाट बघतेस, शिटी ऐकत जा. मग अर्धा तास पट्टी बांधलेल्या हाताने टाळी वाजवून माझ्याकडून सुरुवात करून घेतली. पन्नास वेळा तरी उडी मारली असेन. मांड्या भरून आल्या.

सांगितलं नाही. भेकड कुठली!

३१ जानेवारी

दुसऱ्या आलो. याआधी शाळा कधी दुसरीसुद्धा आली नव्हती. कुस्तीवाले सगळे हरून वर गॅलरीत बसले होते, त्यांनी बाक आपटून आपटून हॉल डोक्यावर घेतला. कॅप्टन रडली. मी चांगली पोहले. खरंच चांगली. तिने शिकवलेलं सगळं केलं.

फौजदारला निकाल कुणी सांगायची गरज पडली नाही. शेवटच्या टप्प्यात कोण कधी भिंतीला लागलं ते तिने कानांनी ऐकलं, आणि पंचांनी जाहीर करायच्या आधीच ओरडली, दुसऱ्या! मग चाचपडत येऊन माझ्या गळ्यातलं पदक हातात घेतलं, त्यावरच्या उठावाच्या अक्षरांवरून चांगल्या हाताचं बोट फिरवलं, आणि म्हणाली, जड आहे की.

मला पदक काढून फेकून द्यावंसं वाटलं.

४ फेब्रुवारी

सांगितलं. पूर्ण. तलावाच्या पायऱ्यांवर. थांबले होते, मुद्दाम, असं तोंडाने म्हटलं.

ती म्हणाली, "माहीत आहे. भिंतीपर्यंतचे माझे हात मोजून झाले होते. काठी आली नाही, म्हणून मला वाटलं माझंच चुकलं. भिंत लागली तेव्हा कळलं, मी बरोबर होते."

मग मॅडमना खोटं का सांगितलंस, असं मी विचारलं. तिला बहुतेक प्रश्नच बावळट वाटला.

"त्यांनी तुला काढलं असतं. पुढच्या वर्षी मी पोहणार आहे, परीक्षा असली तरी. पलीकडे तूच उभं राहायचंस. दुसरं कुणी चुकून उशीर करेल. तू आता जन्मात करणार नाहीस."