फिरंग्यांनी जिंकायचं नाही

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल वाईट बोलले तर लोक रागावतही नाहीत, नुसते कंटाळतात. म्हणून तुम्हालाच लिहिते. माणिकपूरच्या शाळेच्या हॉलमधलं ते बैठ्या खेळांचं संमेलन. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती आणि मी स्वतः शिक्षिका झाले होते. संमेलन कसलं! कॅरमची टेबलं, कोपऱ्यात जांभया देत बुद्धिबळ खेळणारे दोघे-चौघे, हाउजीचे नंबर पुकारून घसा बसलेला एक माणूस आणि स्ट्रायकर, पावडर विकणारा मुंबईचा दुकानदार. त्याच्या शेजारी आपला स्टॉल. बाकावर पांढरी चादर आणि तिच्यावर तुम्ही रचलेला खेळ, ‘वसईचा वेढा’.

खेळ रचलात तुम्ही, पण प्रत्येक पट काढला मी. अख्खी दिवाळीची सुट्टी पुठ्ठ्यांवर बुरूज, खाडी आणि गलबतं रंगवण्यात गेली. आई म्हणायची, “तो मास्तर तुला अजून गृहपाठ देतो, आणि तू करतेस!” मला मात्र तुम्ही एवढ्या मुलांतून मला बोलावलंत याचाच मान वाटत होता. स्टॉलवर एका फादरांनी पट उचलून विचारलं, “चित्रं कोणाची?” मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, “खेळ माझा. रंग हिने भरलेत.” एका बाईंनी ‘व्यापार’ आहे का असं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “हा डोकं असलेल्यांचा खेळ आहे.” त्या शेजारून कॅरमच्या सोंगट्या घेऊन गेल्या. शहाण्या होत्या. तुमच्या खेळात फासा नव्हता, कारण फासा म्हणजे जुगार. चाल हवी असेल तर तोफेच्या दारूचं गणित सोडवायचं. नियम समजावताना तुम्ही असे रंगात यायचात की समोरचं माणूस निघून गेलं तरी बोलणं थांबत नसे.

दुपारी तुम्ही चहाला गेलात आणि पाचूबंदरकडची एक कोळीण बाकावर येऊन बसली. नवरा कॅरमच्या सामन्यात होता. “तो तिकडं कॅरम कुटतो. मी काय नुसती बसून राऊ? चल, खेलू.” मी गणितं बाजूला ठेवली. हाउजीवाल्याकडून नंबरांची थैली मागितली. निघेल त्या नंबराच्या शेवटच्या आकड्याइतकी घरं पुढे जायचं. ती फिरंगी झाली, मी मराठे. ती उघडउघड लबाडी करते आहे, माझं लक्ष नसताना तिचं गलबत दोन घरं पुढे सरकतं आहे, आणि मी ओरडते आहे, “ओ बाई, मागे घ्या!” भोवती माणसं जमली आहेत, हसताहेत. तिचा नवराही कॅरम सोडून आला आहे. एक जण विचारतो आहे, “कितीला देता?” दिवसभरात हे विचारणारा तो पहिला.

आणि तेवढ्यात तुम्ही आलात. सोंगट्यांसकट पट मिटलात.

“मास्तर, थांबा की! मी जिंकत होते,” ती म्हणाली.

“तुम्ही फिरंगी आहात. फिरंगी जिंकू शकत नाहीत.”

“का?”

“इतिहासात जिंकले नाहीत. नियमच तसा आहे.”

हा नियम तुम्ही कधी सांगितला नव्हता, मला तो तेव्हा कळला. सुट्टीभर ज्यांचे बुरूज मी रंगवले, त्यांना जिंकायची सोयच तुम्ही ठेवली नव्हती. समोरच्याने बसायचं, गणितं सोडवायची, चुकायचं आणि शेवटी हरायचं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “सर, हा खेळ नाही. हा तुमचा तास आहे.”

तुम्ही चिडलातही नाहीत. सवयीने म्हणालात, “वर्गाबाहेर उभी राहा.”

लोक हसले. तुम्हाला की मला, कोण जाणे. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. नंतर तुमच्या घराची पायरी चढले नाही. ते पट वाळवीने खाल्ल्याचं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. तुमच्या शोकसभेत एक जण तुम्हाला ‘खेळकर’ म्हणाला. मी उठून पाणी प्यायला गेले. तुमच्यासारखी कोरडी, स्वतःवर खूश माणसं मी पुढे स्टाफरूममध्ये पुष्कळ पाहिली. त्यांच्याशी कसं वागायचं ते मला त्या दिवसाने शिकवलं. एवढंच श्रेय तुम्हाला देईन.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, तुमच्या मुलीलाही नाही. कारण आजवर सगळ्यांना मी सांगत आले की मी हॉलमधून निघाले ती तडक एस.टी. पकडून घरी गेले. सर, मी गेले नव्हते. स्टॉल उठेपर्यंत मी दाराबाहेर व्हरांड्यात उभी होते, तुम्ही आत बोलवाल म्हणून.