एक नंबर मोठे बूट

अण्णा, मुलांनी काल माझा ऐंशीवा वाढदिवस केला. औक्षण झालं, केक झाला, सुनेने पुरणपोळ्याही केल्या. खरं तर मला एकोणऐंशीच पूर्ण झाली, पण हे ठाऊक असणारे तुम्ही, आई, सगळेच गेलात. शाळेच्या फॉर्मवर तुम्ही चढवलेलं ते एक वर्ष अजून माझ्या मानगुटीवर आहे. त्याच्यापायी निवृत्तसुद्धा वर्षभर आधीच झालो.

तुमचा तरी काय दोष म्हणा! नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली ती ऐन वर्षाच्या मध्यात. माझं वय वर्षभर कमी पडत होतं आणि हेडमास्तर मला खालच्या वर्गात बसवायला निघाले होते. माझा जन्म आजोळी, खेड्यात. नोंद काय ती पत्रिकेत. तुम्ही शांतपणे पेन काढलंत आणि जन्मसाल एकाने मागे लिहिलंत. ऑफिसातली पेन्सिल चुकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणारे तुम्ही! आई म्हणाली, ही कसली लबाडी. त्यावर तुम्ही म्हणालात, पोरांचं सगळं वाढत्या अंगाचंच घ्यावं. सदरे, चपला, सगळंच तुम्ही तसं घ्यायचात, तर वयही तसंच घेतलंत.

पुढे मला फुटबॉलचं वेड लागलं. ट्रामने एस्प्लनेडला उतरायचं की समोर मैदान. आमच्या क्लबचे म्हातारे प्रशिक्षक, सगळ्यांचे मास्टरमोशाय, माझ्या डाव्या पायावर खूश असायचे. मी कॉलेजात असताना त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं. आशियातल्या देशांच्या तरुण संघांची स्पर्धा मलायात भरणार होती आणि निवड चाचणीसाठी त्यांनी माझं नाव दिलं होतं. अट एकच, विशीच्या आतला हवा. मी होतो एकोणीस, कागदावर मात्र वीस. पत्रिका चालणार नव्हती. बापाने मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यायचं की शाळेत सांगितलेलं वय खोटं होतं, आणि तो कागद गुरुवारपर्यंत पोचवायचा. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा आईच्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. तुम्ही मान खाली घालून ताकभात संपवलात, हात धुतलात आणि बुधवारी अर्धी रजा टाकतो म्हणालात.

बुधवार मला अजून लख्ख दिसतो. कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली टायपिस्ट बसलेत. तुम्ही बंद गळ्याचा कोट घातला आहे, जो फक्त लग्नकार्याला निघायचा. टायपिस्ट मोठ्याने वाचून दाखवतो, मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. तुम्ही चष्मा पुसता आणि पुन्हा वाचायला सांगता. तेवढ्यात तुमच्या ऑफिसातले एक बाबू समोरून येतात, नमस्कार करतात, इकडे कुठे म्हणून विचारतात. तुम्ही तो कागद उलटा करून छातीशी धरता. बाबू गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"अण्णा, राहू द्या. माझं नाव यादीतून गेलं. मास्टरमोशाय म्हणाले, माझा खेळ तेवढा नाही."

"मग काल का नाही बोललास? अर्धी रजा फुकट घालवलीस," एवढंच तुम्ही म्हणालात. पण ट्राममध्ये तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात तो घरच्या स्टॉपपर्यंत उचलला नाहीत. पंधरा दिवसांनी माझ्यासाठी बूट आणलेत, एक नंबर मोठे. माझी वाढ केव्हाच थांबली होती, अण्णा! पुढे कापूस कोंबून मी ते नोकरी लागल्यावर ऑफिसच्या संघात आठ वर्षं घातले.

त्यानंतर घरी कोणी आलं की तुम्ही मायेने सांगायचात, पोराने हौस केली, पण तेवढा वकूब नव्हता, चालायचंच. आई माझ्याकडे बघायची. तिला काही कळलं होतं का, कोण जाणे. मी हसून चहाचे कप उचलायचो आणि आत जायचो. फार लागायचं ते. तुमच्या शेवटच्या आजारपणात एकदा सांगायचं ठरवून तुमच्या उशाशी बसलोही होतो. मग तुम्ही पाणी मागितलंत आणि राहून गेलं.

काल पाहुणे गेल्यावर पत्रिका काढून बसलो. हे पत्र आता तिच्याच घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? यादीतून माझं नाव कोणी काढलं नव्हतं हे तुम्हाला वर कधीच कळलं असेल. चाचणीच्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेलो होतो आणि दोरीच्या बाहेर उभा राहून ती शेवटपर्यंत बघितली होती, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. माझ्या जागी घेतलेल्या मुलाला डाव्या पायाने चेंडू धड उचलता येत नव्हता. मी त्याच्याहून चांगला खेळायचो, अण्णा.